फ्रीजवरची बाटली

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईला तर नाहीच. आपली मुलगी तोंडाने फटकळ असली तरी मनाने स्वच्छ आहे, असं ती अखेरपर्यंत सगळ्यांना सांगत होती. फटकळ आहे, ते खरं. दुसऱ्या अर्ध्याबद्दल आता बोलायचं आहे. आणि कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये.

सुनंदामावशींपासून करते.

मुलुंडला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर त्या पाळणाघर चालवायच्या. जागा भाड्याची. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ओळीने छोट्या गाद्या आणि कोपऱ्यात खेळण्यांचं टोपलं. मूळच्या लातूरकडच्या. यजमान कुठेतरी कंत्राटी कामाला होते, त्यांचं आज आहे तर उद्या नाही. मुलगी बारावीला. घर चालायचं ते पाळणाघरावर. हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. मलाही माहीत होतं — हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला 'कल्पना नव्हती' म्हणायची सोय उरणार नाही.

मावशींच्या हाताला काहीतरी होतं. दुपारची जेवणं झाली की पडदे ओढायच्या, मधोमध बसायच्या आणि एक हात या पोरावर, एक त्या पोरावर असं थोपटत काहीतरी गुणगुणायच्या. बघता बघता सगळी ओळ झोपून जायची. एकदा ऑफिसातून लवकर सुटले तेव्हा मी खिडकीतून हे बघितलंय. माझी ईरा घरी झोपायच्या आधी तासभर थयथयाट करायची, आणि इथे त्यांच्या मांडीला डोकं टेकून गाढ झोपली होती. मी आत गेले नाही. कोपऱ्यावर जाऊन एकटीने चहा प्यायले आणि नेहमीच्या वेळेला तिला घ्यायला आले. का? मला राग आला होता. कुणी काही केलेलं नसताना आलेला राग — तो कुणाला दाखवणार?

तेव्हा ईरा अडीच वर्षांची होती. संध्याकाळी सगळ्या आया दारात जमायच्या आणि पोरं 'मम्मी' म्हणत धावत यायची. केतकीचा आरव तर चपला न घालताच सुटायचा. केतकी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची. माझी मुलगी काय करायची? मावशींच्या पदराआड लपायची. "जा गं बाई, आई आली ना," असं म्हणत मावशी तिला माझ्याकडे ढकलायच्या, आणि तिला माझ्या हातात देताना जे हसायच्या ना — चांगलंच हसायच्या हो, त्यात काही नव्हतं — पण मला वाटायचं, मला भीक घालतेय ही बाई.

घरी आणलं की तिच्या केसांना मावशींच्या तेलाचा वास यायचा. मी ते धुऊन टाकायचे. थंडीत, सर्दी झालेली असताना धुतलेत. भाकरी तिला आमटीत कुस्करून हवी, तीही 'मावशीसारखी'. पडली, लागलं, की 'अगं माय!' म्हणायची. मी म्हणायचे, असं नाही बोलायचं ईरा, 'आई गं' म्हण. एवढ्याशा पोरीला दुखलंय, आणि मी तिची भाषा सुधारतेय. तुम्ही म्हणाल, प्रत्येक नोकरी करणाऱ्या बाईला असं होतं. होतं. पण प्रत्येक बाई पुढे मी केलं ते करत नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर मी ईराचं बोरन्हाण केलं. हौसेने केलं, रजा टाकून. काळं झबलं शिवून घेतलं, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद सगळं दादरहून आणलं. बिल्डिंगमधली पोरं, त्यांच्या आया, माझ्या सासूबाई सांगलीहून आलेल्या. मावशींनाही बोलावलं होतं. न बोलावून कसं चाललं असतं? पाट मांडला, चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभरे असं सगळं कालवून ठेवलं. आणि ईराने मला बघून जे भोकाड पसरलं! पाटावर बसेना, मांडीवर घेतलं तर माझ्या साडीवर लाथा. मुकुट तुटला. मग दारात उभ्या असलेल्या मावशींकडे हात पसरून ती ओरडली, "मावशीच्या मांडीवर!"

मावशी नको नको म्हणत होत्या. सासूबाईच म्हणाल्या, "बसा हो, पोर तरी गप्प होईल." त्या बसल्या. ईरा त्यांच्या मांडीत बसली, हार चाटत, शहाण्यासारखी. मी वरून बोरं-चुरमुरे ओतले, खाली पोरांची वेचायला झुंबड उडाली, सगळ्या हसत होत्या. फोटो निघाले. कुणीतरी म्हणालं, "हिला आपली आई कोण तेच माहीत नाहीये वाटतं!" सगळ्यात मोठ्याने मी हसले.

त्या फोटोत मी नाही. माझे फक्त हात आहेत, वरून ओतणारे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकी लिफ्टपाशी भेटली. हल्ली आरव रात्री बारापर्यंत जागतो, दुपारी मावशींकडे फार झोपतो बहुतेक, असं सहज म्हणाली. आणि मी... मी आवाज खाली केला. हे मला नीट आठवतंय, आवाज खाली केला मी.

"तुला नाही का गं विचित्र वाटत? सात-आठ पोरं, सगळी एकाच वेळी कशी झोपतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. फ्रीजवर औषधाची बाटली बघितली मी. कसली कोण जाणे."

बाटली होती. तेवढं खरं होतं. सर्दीचं औषध होतं ते, आणि आठवड्यापूर्वी मीच दिलं होतं. ईराचं नाक वाहत होतं. मेडिकलमधून स्वतः घेऊन मीच मावशींच्या हातात ठेवलं होतं — दुपारी अर्धा चमचा द्या, म्हणून. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. 'कसली कोण जाणे' म्हणताना मला ते आठवत होतं का? होतं. पूर्ण आठवत होतं. ती बाटली कुठल्या पिशवीतून दिली तेसुद्धा.

मला काय हवं होतं? मावशींची बदनामी? नाही, एवढा विचारच नव्हता केला. कुणीतरी एकदा त्यांच्याकडे संशयाने बघावं, बस. सगळे जे 'मावशी किती प्रेमळ, मावशी किती छान' करत होते, ते जरा थांबावं. एवढंच हवं होतं मला. बघा, ऐकायला किती छोटं वाटतं.

केतकीने तिच्या नवऱ्याला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. मग आयांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, मावशींना वगळून. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. 'ऐकलंय की' अशीच प्रत्येक मेसेजची सुरुवात. कुणी कुठली कुठली झोपेच्या औषधाची बातमी टाकली. कुणी लिहिलं, आमच्या पोराचे डोळे संध्याकाळी तांबारलेले असतात. सर्दीची साथ चालू होती, सगळ्याच पोरांचे तांबारलेले होते! मग एकीने लिहिलं, "शेवटी कोण कुठली माणसं, आपण काही चौकशी केली होती का?" याचा अर्थ काय ते त्या ग्रुपवर प्रत्येकीला कळत होतं. चार वर्षं पोरं त्यांच्याकडे वाढली तेव्हा चौकशी लागली नव्हती. मीही वाचलं. आणि खाली पसंतीचा अंगठा टाकला. हो, मी. त्या मेसेजला.

शनिवारी सगळ्या मिळून मावशींच्या दारात गेल्या. मी मागे उभी होते. केतकीने सरळ विचारलं, फ्रीजवर औषध कसलं ठेवता? मावशींना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. चेहरा उतरत गेला त्यांचा. आत जाऊन बाटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ही होय? ही तर ईराच्या आईंनी दिलीय. सर्दीची आहे. हो ना ताई?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

इथे थांबवता आलं असतं. 'हो, मीच दिली' — एवढंच बोलायचं होतं. फार तर केतकी मला वेडी म्हणाली असती, दोन दिवस चर्चा झाली असती. पण मी हो म्हटलं असतं तर लिफ्टपाशी मी काय केलं ते उघड झालं असतं. आणि माझ्याबरोबर आलेली ईरा एव्हाना मावशींच्या कमरेवर जाऊन बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती, त्यांच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती.

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

नाही म्हटलं नाही मी. नाही म्हणायलाही एक हिंमत लागते.

मावशींनी परत विचारलं नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. त्यांना समजलं होतं. बाटलीचं तर समजलंच, त्याच्या मागचंही समजलं असावं. कारण त्यांनी ईराला कमरेवरून उतरवलं, तिचं झबलं नीट केलं आणि स्वतः चार पावलं पुढे येऊन तिला माझ्या हातात दिलं. हसल्या नाहीत. ईरा ओरडत होती. मी तिला घट्ट धरून वर आले.

महिना संपायच्या आत पाळणाघर बंद झालं. घरमालकाने जागा मागितली. मावशींच्या मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर होती, तरी सामान टेम्पोत चढलं. चेंबूरला भावाकडे गेल्या, असं वॉचमन म्हणाला. गाद्या कचऱ्यापाशी रचून ठेवल्या होत्या. पुढे कुठेही पाळणाघर काढलं असेल असं मला वाटत नाही. ज्या बाईबद्दल एकदा असं बोललं जातं, तिच्याकडे कोण पोर ठेवणार?

ईरा कितीतरी दिवस तळमजल्याच्या बंद दारावर थापा मारायची. मग कमी झालं, मग थांबलं. सासूबाई सांगलीहून येऊन राहिल्या. एक दिवस मी ऑफिसातून आले तर ईरा पळत आली, 'आई' म्हणत, चपला न घालता. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पश्चात्तापाचं सांगायला हवं इथे, ते मला कळतं. पण त्या दिवशी फक्त आनंद झाला. जिंकल्यासारखा.

आता ईरा नववीत आहे. गेल्या रविवारी तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. शाळेच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी एक जुना कृष्णधवल इंग्रजी सिनेमा बघायचा होता — एका खोट्या अफवेमुळे माणसांची वाट लागते, असा. मी आत थालीपीठं लावत होते, येता-जाता बघत होते. शेवटी शेवटी तर एकजण चक्क रडत होती. "असं कोण बोलतं यार? म्हणजे असं काय मिळतं बोलून?" असं काहीतरी त्यांचं चाललं होतं.

मग थालीपीठं आली, वातावरण सैल झालं आणि बोलणं कुठून कुठे गेलं. पाळणाघरावर आलं. ईरा म्हणाली, "माझ्याकडे खतरनाक स्टोरी आहे. मला लहानपणी एक बाई औषध देऊन झोपवायची! सिरियसली. आजीने सांगितलंय. खालीच राहायची, मग हाकलली तिला."

"ईऽऽऽ, काय बाई असेल!" सगळ्या किंचाळल्या. ईरासुद्धा. तोंड वाकडं करून, अंगावर काटा आल्याचं नाटक करत. मांडीवर बसून हार चाटणारी माझी पोर.

मी तिथेच होते, हातात ताट घेऊन. मी विचारलं, अजून कुणाला लोणी हवंय का?

मावशींनी ईराला मी दिलेल्या औषधाशिवाय कधी कुठलंही औषध दिलं नाही. त्या तिला थोपटायच्या, म्हणून ती झोपायची. हे मी इथे तुम्हाला सांगितलं. ईरा आत्ता शेजारच्या खोलीत आहे. तिला सांगितलेलं नाही.