गणपतीत पाळी नको म्हणून

"आठ आठवडे पूर्ण झालेत," सोनोग्राफीच्या डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. मी पोटावरची जेल पुसता पुसता थांबले. म्हटलं, "कसं शक्य आहे? मी तर गोळ्या घेतल्या होत्या."

"कसल्या गोळ्या?"

"पाळी पुढे ढकलायच्या. गणपतीसाठी."

त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण चेहरा तसाच केला.

आता ही गोष्ट बाहेरच्याला सांगितली तर खोटी वाटेल. पण आमच्या काळाचौकीच्या चाळीत श्रावण संपत आला की मेडिकलवाल्याकडे या गोळ्यांसाठी बायका येतातच. घरात गणपती, गौरी येणार, नैवेद्य सुनेने करायचा आणि त्याच दिवसांत सून बाजूला बसली तर झालंच! आमचं घर मालवणकडचं, पण गणपती इथेच, दीड खोलीत. माझ्या सासूबाई दरवर्षी न चुकता विचारायच्या, "गोळये हाडलंस काय गो?" मी आणायचे, घ्यायचे. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, काही नाही.

गेल्या वर्षी गौरी-गणपती गेले, गोळ्या संपल्या, तरी पाळी आली नाही. मला वाटलं, गोळ्यांचाच परिणाम. शेजारची म्हणाली, "येते गं उशिरा, मला पण असंच होतं." मी निवांत. मग सकाळी फोडणीच्या वासाने ओकारी आली तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

म्हणून पहिली गोष्ट ही लिहून ठेवते. त्या गोळ्या बंद केल्यावर साधारण आठवड्याभरात पाळी यायला हवी. नाही आली तर देवाचं नाव घेत बसू नका, घरी चाचणी करा. मी तीन आठवडे फुकट घालवले.

मला हे मूल नको होतं. माझी लेक आठ वर्षांची आहे. तिच्या वेळी मी बाळंतपणानंतर वर्षभर भिंतीकडे बघून रडत होते. त्याला पोस्टपार्टम डिप्रेशन म्हणतात, म्हणजे बाळंतपणानंतर येणारं खोल नैराश्य, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा सगळे म्हणायचे, नखरे आहेत. त्या विहिरीत मला पुन्हा उतरायचं नव्हतं. नवरा, संदीप, म्हणाला, "तू ठरव. मी आहे." आणि लगेच म्हणाला, "पण आईला काय सांगायचं?" खरी गोम तिथेच होती. सासूबाईंना दुसरं नातवंड हवं होतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन परळच्या पालिकेच्या रुग्णालयात गेलो. बाकावर माझ्या एका बाजूला सातव्या महिन्याची बाई, दुसऱ्या बाजूला कॉलेजची मुलगी, ओढणीत तोंड लपवून. तिच्याशी बोलावंसं वाटलं, पण मी स्वतःच घाबरून गारठले होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं रोखठोक. म्हणाल्या, "याला एमटीपी म्हणतात. म्हणजे कायद्याने, डॉक्टरच्या देखरेखीखाली गर्भपात. गोळ्यांनी करायचा तर नऊ आठवड्यांपर्यंतच. तुम्ही काठावर आहात. त्यानंतर पिशवी साफ करायची प्रक्रिया, त्यासाठी दाखल व्हावं लागेल."

मी संदीपकडे बघितलं. तो पेन काढायला लागला.

"तुम्ही ठेवा पेन," बाई म्हणाल्या. "सही यांची. त्या सज्ञान आहेत, नवऱ्याची सही लागत नाही. आणि यांचं नाव आम्ही कुणाला सांगत नाही."

मला रडू आलं. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या एकटीच्या सहीला एवढी किंमत कुणी दिली नव्हती.

सोनोग्राफी का लागते, हेही त्यांनी सांगितलं. गर्भ पिशवीतच आहे ना हे बघायचं असतं. नळीत असला, त्याला एक्टोपिक म्हणतात, तर या गोळ्यांचा उपयोग नाही आणि जिवाला धोका असतो. रक्ताची तपासणी झाली, हिमोग्लोबिन आणि रक्तगट. म्हणून सांगते बायांनो, मेडिकलमधून कुणाच्या ओळखीने पाकीट आणून गिळू नका. गणपतीच्या गोळ्यांत मी एकदा केला तेवढा शहाणपणा पुरे.

मग त्यांनी विचारलं, "घरात संडास आहे?"

"गॅलरीच्या टोकाला आहे. सगळ्यांचा मिळून. घरात मोरी आहे."

"मग गोळ्यांच्या दिवशी दुसरीकडे सोय होईल? नाहीतर इथे वॉर्डात या, मी दिवसभर ठेवते."

वॉर्डात म्हणजे सासूबाईंना कारण सांगावं लागणार. मी म्हटलं, मोरीत निभावेन. संदीपने ठरवलं की रविवारी आई आणि लेक दोघींना वरळीला बहिणीकडे सोडून लगेच परत यायचं. घर रिकामं मिळेल.

पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, डॉक्टरांसमोरच घेतली. तिने गर्भाची वाढ थांबते. त्या दिवशी काहीच झालं नाही. मी ऑफिसलाही गेले आणि तक्रार खिडकीवर बसून दिवसभर लोकांचं ऐकलं. दुसऱ्या गोळ्या, मिसोप्रोस्टॉल, दोन दिवसांनी घरी, गालात धरून. त्यांनी पिशवी आकुंचन पावते आणि सगळं बाहेर पडतं. आधी दुखण्याची गोळी घ्यायची. थंडी वाजेल, मळमळेल, जुलाब होतील, ते चालतं. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि असं दोन तास चाललं, चक्कर आली, किंवा दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, तर तडक रुग्णालय. रक्तस्राव झालाच नाही, तरी यायचं. हे सगळं बाईंनी माझ्याकडून परत म्हणवून घेतलं.

रविवार उजाडला आणि सासूबाई अडून बसल्या. "माका दगदग नको. तू पोरीक घेवन जा."

नऊ आठवडे भरत आले होते, गोळी पुढे ढकलून चालणार नव्हतं. संदीप लेकीला घेऊन निघाला. मी गोळ्या गालात धरल्या आणि पडून राहिले. सासूबाईंना म्हटलं, पाळी आहे, दुखतंय.

दोन तासांत पोटात असा पिळा आला की देवा रे! कळा होत्या त्या, बाळंतपणासारख्याच. मोरीत बसले. गाठी पडायला लागल्या. हे मला सांगितलेलं होतं, तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. मोरीच्या पडद्याबाहेर सासूबाईंची पावलं थांबली.

"ही पाळी न्हय," त्या म्हणाल्या.

मी पडदा धरूनच बोलले. "नाही, आई. पोट होतं. मला नको होतं. गोळ्या घेतल्यात."

मला वाटलं, आता संपलं. मग त्यांचा आवाज आला, घोगरा. "काडयेबिडयेचा काय केलंस नाय मा?"

काडी. त्यांच्या वाडीतली एक पोर पूर्वी पोट पाडायला कुणाकडून तरी काडी घालून घेऊन मेली होती. मी म्हटलं, "नाही आई, रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी दिल्यात."

पडदा सरकला. त्यांनी गरम पाण्याची बादली आत सरकवली, माझ्या पाठीवर त्यांची जुनी शाल टाकली. मी त्यांना तासाला दोन पॅडचं सांगितलं. त्या दाराशी पाट टाकून बसल्या, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. जुलाब सुरू झाले तेव्हा मला धरून गॅलरीतून नेलं. संडासासमोर उभ्या असलेल्यांना दरडावलं, "सुनेक हगवण लागलीहा. वाट सोडा आधी!" मला त्या अवस्थेतही हसू आलं.

लेक सोडेना म्हणून वरळीला अडकलेला संदीप आला तोवर रक्त कमी झालं होतं. रुग्णालयात जावं लागलं नाही. सासूबाईंनी पेज भरवली आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या. पुढे कित्येक दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायच्या. नातवंड त्यांचंही गेलं होतं. मीही रडले. निर्णय बरोबर असला तरी रडू येतं, त्याचा अर्थ चुकलं असा होत नाही. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. पिशवी रिकामी होती. "पुढे कधी मूल हवं असलं तर याने अडणार नाही," बाई म्हणाल्या आणि मला तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घ्यायचा सल्ला दिला. मी बसवली.

या वर्षी श्रावण संपत आला. सासूबाईंनी गोळ्यांचं विचारलं नाही. मीच विषय काढला. त्या विळीवर नारळ खवत होत्या. म्हटलं, "आई, माझी तारीख गणपतीतच येतेय. मी गोळ्या घेणार नाही."

त्यांचा हात थांबला नाही. "घेव नको."

"पण मग विटाळ..."

"अगो, तो गणपती सोताच आवशीच्या आंगाच्या मळाचो. तेका कसलो इटाळ?" त्यांनी करवंटी बाजूला ठेवली, नवी वाटी उचलली. "आणि मोदक कोण वळतलो? माजी बोटां आता चलनत नाय."

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाळी आली. मी आंघोळ केली, केस बांधले आणि त्यांच्या शेजारी मोदक वळायला बसले.