मडक्याला टेकलेली घागर

एक डोळा मिटायचा, हात सरळ पुढे करायचा, मुठीत पेन्सिल उभी धरायची आणि अंगठा तिच्यावरून हळूहळू खाली सरकवायचा. बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, शाळेच्या प्रार्थनेत, कुठेही. एकदा दिग्रसला तहसीलदार भाषण करत होते आणि पहिल्या रांगेतल्या या गृहस्थाने हात लांब करून त्यांचं माप घ्यायला सुरुवात केली. तहसीलदार भाषण विसरले. सभा संपल्यावर मी विचारलं, "काय मास्तर, किती भरले साहेब?"

"साडेसहा डोकी," मास्तर म्हणाले; चित्रकार माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या मापाने मोजतात. "मान नाई त्याइले. मान असती तं सात भरले असते."

असे ड्रॉइंग मास्तर तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या तासाला बाकीचे मास्तर गणिताचा राहिलेला भाग उरकून घेतात, आणि स्नेहसंमेलन आलं की त्यांना पताका कापायला बसवतात. आमचे मास्तरही पताका कापत. पण मी हे कौतुकाने लिहायला बसलेलो नाही. रागाने बसलो आहे, आणि राग पाच वर्षांत कमी झालेला नाही.

मी शाळेसमोरच्या छापखान्यात खिळे जुळवत असे. लग्नपत्रिकांमधून सवड मिळाली की स्वतःची पत्रकं लिहून छापायची, बाजाराच्या दिवशी वाटायची. रेच्यात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुई वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवर, सार्वजनिक विहिरींवर, जे जे डोळ्यांत खुपेल त्यावर. मास्तरांची खोली छापखान्याच्या भिंतीला लागून होती. मूळचे मुकुटबनचे, नागपूरला शिकलेले, शाळेत टेम्पररी. पत्रकाची शाई ओली असतानाच ते हातात घेत, दूर धरत आणि म्हणत, "पत्रकवाले, मजकूर तुमचा. पण समास सोडत जा जी. कागदाले श्वास घेऊ द्या."

विदर्भ तीन वर्षांपूर्वी मुंबई राज्यात गेला होता आणि ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षेचे कागद मुंबईहून येऊ लागले होते. त्या परीक्षेत एक विषय वस्तुचित्राचा. समोर चार वस्तू मांडायच्या आणि दिसतील तशा रंगवायच्या. त्यासाठी शाळेच्या कपाटात एक पेटी होती. तिच्यात चिनी मातीची फुलदाणी, मेणाचं सफरचंद आणि मेणाची नासपाती. नासपातीचा एक गाल उंदरांनी खाल्लेला.

"उंदराले तरी चव कळली," मास्तर म्हणाले. "आपल्या पोरायनं नासपाती पाह्यली तरी हाये काय?"

त्यांनी पेटी बंद केली आणि मुलांना घरून एकेक वस्तू आणायला सांगितली. कंदील आले, खलबत्ता आला, वांग्यांचं टोपलं आलं. एकाने आजोबांची कवळी आणली. वर्ग हसला. मास्तरांनी ती उजेडात फिरवून पाहिली. "ठेव. चांगली चमकते. पण आजोबाले जेवाच्या आत नेऊन दे."

मांडताना त्यांचं एकच सांगणं असे. "टेकू द्या रे, टेकू द्या. एकीमागून दुसरी डोकावली पाह्यजे. दूरदूर ठेवल्या तं ते दुकान झालं, चित्र नाई."

या वस्तुचित्रांचा इतिहास त्यांनी मला छापखान्याच्या पायरीवर बसून सांगितला. त्यांच्याजवळ नागपूरच्या रद्दीतून आणलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्याची सुटलेली रंगीत पानं त्यांनी खळीने चिकटवली होती.

"युरोपात पयले सुरई देवाच्या पायापाशी राह्यची," ते सांगत. "चित्र देवाचं, सुरई कोपऱ्यात. मंग एक दिवस देव उठून गेला आन सुरई राह्यली. मंग हॉलंडचे व्यापारी आले. त्याइले आपलं जेवाचं टेबल काढून पाह्यजे होतं. चांदीची ताटं, अर्ध सोललेलं लिंबू. पाहा, आमच्या घरी एवढं हाये म्हणून. काही चित्रकारायनं त्याच टेबलावर माणसाची कवटी आणून ठेवली. खा म्हणे, पण हे ध्यानात ठेवा."

"पुढे?"

"पुढं फ्रान्समंधी एकानं सैपाकघरातलं तांब्याचं पातेलं काढलं, बाजूले कांदा. पण राजाले काढावं तसं काढलं जी! राजा राह्यला बाजूले, लोक कांदा पाहाले उभे. मंग दुसरा आला, त्यानं सफरचंदं मांडली आन वर्षानुवर्षं पाहतच बसला. त्याच्या मागून आले त्याइनं सुरई चारी बाजूनं एकाच वेळी काढली."

"आणि आपल्याकडे?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "आपल्याकडं लोटा देवाच्या हातात, नाई तं बाईच्या कमरेवर. नुसता लोटा पाहाची सवय आपल्याले नाई. ती गोऱ्यायनं लावली, पण लावताना फुलदाणीबी त्याइचीच आणली. आपल्या घरातलं भांडं चित्रात यायचंच हाये अजून."

मी तेव्हा हे ऐकलं आणि मनात पत्रकाचा मथळा जुळवत बसलो. माझी ती खोडच होती.

त्या वर्षी परीक्षेला अकरा मुलं होती. त्यांत सर्वांत चांगला हात वेणूचा. वेणू नववीतली, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. धर्मांतराला तीन-चार वर्षं झाली होती. वस्तीने जुनं नाव टाकलं होतं, गावाने ते जपून ठेवलं होतं. वेणूने घरचं पाण्याचं मडकं आणलं. शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगाही परीक्षेला होता, त्याने घरची पितळी घागर आणली. अध्यक्ष कापसाचे अडते. गावातल्या प्रत्येक कोनशिलेवर यांचं नाव.

मास्तरांनी मडकं मागे उभं केलं, घागर थोडी कलती करून त्याला टेकवली, पुढे दोन वांगी ठेवली. मागे सरकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आता कोणी हात लावू नका. परीक्षेलेबी हेच."

मुलाने घरी जाऊन कौतुकाने सांगितलं की आपली घागर वेणूच्या मडक्याला टेकवून काढायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष शाळेत हजर. मी खिडकीतून सगळं पाहत होतो. घटना लागू होऊन दहा वर्षं होत आली होती, अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरलं होतं, आणि हा माणूस दर सव्वीस जानेवारीला झेंडा फडकावत होता. तो ओरडत होता एका मडक्यावर. वाचकहो, माणूस माणसाला शिवला म्हणूनही नव्हे. रिकामं मडकं रिकाम्या घागरीला शिवलं म्हणून!

"हातभर अंतर ठेवा," अध्यक्ष म्हणाले. "मग काढा काय काढायचं ते."

"मांडणी बिघडते जी," मास्तर म्हणाले.

"काय बिघडते?"

"मांडणी. मधात भोक पडते."

हेडमास्तर भले गृहस्थ होते, म्हणजे भित्रे होते. त्यांनी तोड काढली. आपला पूजेचा रेशमी मुकटा घरून आणवला. रेशमातून विटाळ जात नाही म्हणे! तो दोन भांड्यांच्या मध्ये सोडायचा. चित्रात कापड असतंच, परीक्षकाला शंका येणार नाही. अध्यक्ष कबूल झाले. परीक्षा झाली की चिंचेने घासून, विस्तवावर धरून घागर घरात घेऊ म्हणाले. असले करार आपल्या गावांत होतात, आणि ते करणाऱ्यांना आपण समंजस म्हणतो.

मास्तरांनी मुकटा सोडला. मागे सरकून बराच वेळ पाहिलं. "घड्या चांगल्या पडल्या," ते म्हणाले, "पण मडकं झाकते." आणि अध्यक्षांची पाठ फिरल्यावर त्यांनी मुकटा नीट घडी करून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. हेडमास्तरांनी वर्गाचं दार लोटून घेतलं. "आठ दिवस मी इकडे येत नाही," एवढंच म्हणाले.

हे मास्तरांनी मला सांगितलं, विश्वासाने. वर बजावलं, "आठ दिवस चूप राहा पत्रकवाले. पोरायची परीक्षा होऊ द्या. मंग लिहा काय लिहाचं ते."

"मास्तर, हा अन्याय आहे. तुम्ही समतेसाठी उभे राहिला आहात!"

"मी उभा बिभा नाई राह्यलो बाप्पा. मी मांडणी केली. वेणूचं मडकं चांगलं हाये, उजेड धरते."

मला ते उत्तर पटलं नाही. दार लोटून मिळालेला न्याय मला न्याय वाटत नव्हता. आजही वाटत नाही. पण आठ दिवसांचा प्रश्न माझा नव्हता, अकरा मुलांचा होता, आणि मी तो त्यांना न विचारता सोडवला. रेशमी मुकट्याची गोष्ट, तो दूर करणाऱ्या वीर शिक्षकाची गोष्ट, तीनशे प्रती. कापसाच्या बाजारात गाड्या-गाड्यांवर जाऊन वाटल्या. लोकांनी वाचून दाखवल्या, हसले. अध्यक्षांवर हसले. माझी छाती फुगली.

परीक्षा तीन दिवसांवर होती. अध्यक्ष गडी घेऊन आले आणि घागर उचलवून नेली. शिपायाने मडकं शाळेमागे नेऊन फोडलं. मास्तरांची टेम्पररी नोकरी त्याच दुपारी संपली. ड्रॉइंगला शिक्षक नाही असं कारण लिहून शाळेने अकराही मुलांचे अर्ज मागे घेतले. ज्यांनी हे केलं ते आजही समितीवर आहेत. त्यांच्यापैकी एकालाही मी माफ केलेलं नाही. आणि त्यांच्या हातात कोलीत मी दिलं, हेही याच कागदावर लिहून ठेवतो.

मास्तर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ट्रंक बांधून झाल्यावर ते छापखान्यात आले, खिशातून माझं पत्रक काढलं.

"यात माह्यं नाव चारदा हाये," ते म्हणाले. "मडकं कसं दिसते ते एकदाबी नाई."

"मास्तर, प्रश्न मडक्याचा नव्हता."

"माह्या तं मडक्याचाच होता जी," ते म्हणाले आणि यवतमाळच्या बसमध्ये चढले. पुढे कळलं, वणीला कोळशाच्या ट्रकांवर नंबर रंगवतात. मी वणीला गेलो तेव्हा ट्रकवाले म्हणाले, "पेंटरसाब? वो तो गये." कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं.

वेणू मला भेटली ती दोन वर्षांनी, रेच्याच्या फाटकावर. तिची शाळा कायमची सुटली होती. आईबरोबर रुई वेचायला जात होती. केसांत, भुवयांवर कापूस. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनेच विचारलं, "मास्तरचा पत्ता हाये काय तुमच्यापाशी?"

"नाही."

"मंग पत्रक छापाच्या आधी आमाले कायले नाई इचारलं? मडकं आमचं होतं." आवाज चढला नव्हता. "मी मास्तरले म्हणलं होतं, हे मडकं ठेवू देणार नाईत. ते म्हणे, आठ दिवस निभते. निभलं असतं."

तिने फाटकाजवळच्या पानवाल्याकडे ठेवलेली एक गुंडाळी आणली. घरी काढलेलं चित्र होतं, आठवणीतून. मडकं, त्याला कलून टेकलेली घागर, पुढे दोन वांगी. घागरीच्या पितळी अंगावर एका बाजूला मातकट तांबडा पट्टा होता. मला वाटलं, रंग ओघळला.

"इथं चुकलं का गं?"

"नाई जी. मडकं बाजूले असलं का त्याचा रंग घागरीत उतरते. कितीबी घासली तरी उतरते. जवळून पाहा कधी." ती चित्र माझ्या हातात देत म्हणाली, "मास्तर भेटले तं दाखवजा. तपासाचं राह्यलं हाये."

भोंगा झाला आणि ती आत गेली. चित्र छापखान्याच्या भिंतीवर आहे. खाली उजव्या कोपऱ्यात तिने शेऱ्यासाठी दोन बोटं जागा सोडली आहे.