मान टाकलेली कोंबडी

मेलेल्या पक्ष्यांचे नमुने तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. किळस मला कशाचीच येत नाही, भीती मात्र पटकन वाटते. त्या थंडीत सीताबर्डीच्या गर्दीतून मी फ्लू घरी आणला. चार दिवसांत मी बरी झाले, पण तोवर तो हुडकेश्वरला एकट्या राहणाऱ्या आईला देऊन बसले होते. ती तापाने फणफणली.

रविवारी तिला बघायला गेले, तर आई मागच्या अंगणात खोकत खोकत कोंबडीची पिसं उपटत होती.

"सकाळपासून मान टाकून राहिली होती वं. मेली असती त फेकाच लागली असती, म्हणून कापली."

आमच्याकडे हे सगळेच करतात. आजारी कोंबडी जीव आहे तोवर कापायची, वाया घालवायची नाही. लहानपणी असला रस्सा मीही बोटं चाटून खाल्लाय. पण त्या दिवशी मी ओरडून तिला थांबवलं. शिजवलेल्याचं भय नव्हतं. कोंबडीला बर्ड फ्लू असला तर, भय होतं त्या उघड्या हातांचं आणि त्या खोकल्याचं. फ्लूच्या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. माणसाचा आणि पक्ष्याचा विषाणू एकाच पेशीत शिरले, तर लग्नघरी एकत्र धुतलेल्या डब्यांची झाकणं बदलावीत तसे ते तुकडे बदलतात. बहुतेकदा त्यातून बिनकामाचंच काहीतरी निघतं. कधीतरी मात्र असा विषाणू निघतो, जो आपल्या शरीराने कधी पाहिलेला नसतो आणि माणसामाणसांत पसरायला शिकलेला असतो. त्यातला माणसाचा विषाणू तर मीच आईला दिला होता.

रस्सा काही मी होऊ दिला नाही. आई चिडली, मुकाट्याने ऐकेल ती आई कसली! सगळं नीट बांधून नमुना कामावर नेला, डॉक्टरांना कळवलं. पुढचे तीन दिवस तोंडाला दोन मास्क लावून मी फाटकावर डबा टांगायचे आणि मागे सरायचे.

"आत काहून नाही येऊन राहिली वं?" आईने दारातून विचारलं. डबा घ्यायला ती पुढे आली, तशी मी गाडीच्या मागे गेले. तिने ते पाहिलं.

अहवालात राणीखेत निघाला, कोंबड्यांचा नेहमीचा रोग; बर्ड फ्लू नव्हता. मी ढसाढसा रडले. आई फोनवर म्हणाली, "म्हंजे रस्सा फुकटच गेला."

आईच्या काळजीने तेव्हा जीव टांगणीला लागला होता, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मी आईलाच घाबरले होते. आता तिला साधी शिंक आली, तरी मला बघताच ती आपली खुर्ची उचलून अंगणात जाऊन बसते.