गंध लावणारा आंधळा

ती घटना आठवली, की आजही माझा हात नकळत कपाळाकडे जातो.

दुष्काळाचं साल होतं. नगर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गावोगावी खडी फोडायची सरकारी कामं निघाली होती. धडधाकट माणसानं कामावर जायचं. ज्याच्यानं काम होतच नाही, त्याला सरकार घरबसल्या मदत देई. त्यासाठी तलाठी आणि पंचांपुढे उभं राहून आपण कामाचे नाही हे पटवावं लागे. मदतीपुरते लंगडे झालेले महाभाग मी पाहिले होते, त्यामुळे असल्या बाबतीत मी कुणाची गय करत नसे.

एका सकाळी एक इसम खबर घेऊन आला.

"सायेब, आमच्या गावात एक जन आंधळा म्हनून सरकारचं खातोय. परवा त्याच्या पोरीची सुपारी फुटली, तवा त्यानं सोनईकडच्या पावन्यांना सोताच्या हातानं गंध लावलं. बरोब्बर कपाळाच्या मधी! आंधळ्याला जमंल का?"

मलाही वाटलं, नाही जमणार.

त्या माणसाला ठाण्यात बोलावलं. बायको हात धरून घेऊन आली. वय पंचेचाळिशीचं, डोळे वरून अगदी स्वच्छ. मी दरडावून विचारलं, "दिसतं का तुला?"

"व्हय. दिसतं."

मी चमकलो. खोटं बोलणारा आधी नाकारतो, मग रडतो, शेवटी कबूल होतो. हा पहिल्याच प्रश्नाला कबूल! ठाण्यातल्या मारुतीच्या फोटोपुढची गंधाची वाटी मी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "समोर हवालदार उभे आहेत. लाव त्यांना." आणि हवालदारांना खुणेनंच बाजूला सरकवलं.

तो पुढे झाला. खुंटीवर माझा खाकी कोट टांगलेला होता. त्याच्या खांद्यावर त्यानं अदबीनं डावा हात ठेवला, उजव्या हाताचं बोट उचललं आणि भिंतीला गंध लावलं. गार भिंत बोटाला लागली आणि तो जागीच थिजला. बायकोनं तोंडात पदर कोंबला. मला माझीच शरम वाटली.

"सायेब, पाया पडतो," तो म्हणाला, "दिसतं म्हनूनच लिवा, न्हाईतर पोरीची सोयरीक मोडंल. तुरुंगात धाडा."

"अरे, तुरुंगात गेलास तर सोयरीक राहील का?"

"चोराची पोर लोक करून घेत्यात सायेब. आंधळ्याची न्हाई. माजी आई बी अशीच आंधळी हून गेली. लोक म्हनतील, रक्तातच हाय. आमचं गाव पावन्यांम्होरं गप हाय, पर तुमच्या चौकशीचा बोभाटा व्हनार."

बोभाट्याचं त्याचं खरं होतं. तो आंधळा नाही असं लिहावं, तर चारशेवीसचा गुन्हा. आंधळा आहे असं लिहावं, तर आधी पाहुण्यांचे जबाब हवेत, आणि जबाबाला गेलो की लपवलेलं बाहेर येणार. दोन्हीकडून लग्न मोडणार ते त्या पोरीचं, जिला मी पाहिलंही नव्हतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी साध्या कपड्यांत एकटाच मुलाच्या बापाकडे गेलो.

तो अंगणात कडबा तोडत बसला होता. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, गुराढोरांची चौकशी केली, आणि विचारलं, "सुपारीला गंध कुणी लावलं हो?"

त्यानं विळा खाली ठेवला.

"फौजदारसायेब, साध्या कपड्यांत बी वळखलं तुमास्नी, आडून कशाला इचारता? व्याह्यांना दिसत न्हाई."

मी त्याच्यासमोरच खाली बसलो.

"त्यांचा हात माज्या खांद्यावनं कानापातूर चाचपत आला, तवाच वळखलं. म्या कपाळ बोटाम्होरं नेलं. शेजारी चुलते हुते, त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांनी फुडच्याला. समद्या रांगेनं आपापली कपाळं म्होरं केली. म्हनून बरोब्बर मधी बसलं गंध."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी सांगितल्याबिगर आपुन कसं बोलावं? पोरीच्या बापाचा मान हाय."

"आणि रक्तात असलं तर? भीती नाही वाटत?"

"वाटती की. लई वाटती," तो म्हणाला. "पर पोरगी लाखात एक हाय. आता तुमीच सांगा त्यांना, म्हनावं लपवू नका, दमून जाल."

मी तसाच मुलीच्या बापाकडे जाऊन सांगितलं. तो माणूस उंबऱ्यावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. पुढे नगरच्या डॉक्टरांनी तपासलं, दृष्टी गेल्याचा दाखला दिला. मदत चालू राहिली, चौकशी मी बंद केली.

खोटं पकडायला मला सरकारनं शिकवलं होतं, आणि ते काही फार अवघड नसतं. पण खोटं कळूनही समोरच्याचा मान राखावा, हे मला कडबा तोडणाऱ्या त्या माणसानं शिकवलं. पुढच्या नोकरीत कुणाला दरडावण्याआधी मला तो आठवायचा.

लग्नाला गेलो. मांडवाच्या तोंडाशी मुलीचा बाप गंधाची वाटी घेऊन उभा होता. मी रामराम केला. आवाज ओळखून त्यानं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि हसला.

"आज भिंत न्हाई न्हवं, सायेब?"

मी टोपी काढली आणि कपाळ पुढे केलं.