बैल नाई, डवरणी कशी करू?

आज पुण्यात माझं पोट भरतं ते अकोल्याच्या जुबेदा आपांमुळे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं मी माझ्याच हुशारीचं कौतुक करत बसेन. माझी शाळा नववीत सुटली. तरी आज एका कार्यालयात बसून मी दुकानांच्या वेबसाइटसाठी शब्द निवडते. मोबाइलवर काय लिहून शोधलं म्हणजे गिऱ्हाईक नेमकं आपल्या दुकानाशी येऊन थांबेल, ते ठरवणं हे माझं काम. हे मला लोखंडकाम करणाऱ्या एका बाईनं शिकवलं.

आपांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अमरावतीला, मी कामाला होते त्या राजापेठेतल्या कॉम्प्युटर सेंटरच्या जिन्यात. अंगावर बुरखा, आणि खांद्यावर सायकल डवरा. पिकाच्या ओळींतलं तण काढायचं हे अवजार एरवी बैल ओढतात. आपांच्या कारखान्यात त्याला सायकलचं चाक लावत, म्हणजे माणसाला एकट्याला ढकलता येतं. अकोल्याहून एस.टी.नं तो आणून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. शेजारच्या ट्यूशनची पोरं दारात जमली. आपा सेंटरच्या मालकांना म्हणाल्या, "तीन महिन्यात एक फोन आला. तो बी मलेच विमा इकाले."

वेबसाइट आमच्याच सेंटरनं केलेली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अत्याधुनिक आंतरमशागत उपकरणांचे विश्वसनीय उत्पादक'. मालकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं आणि या वेळी जमलं नाही तर माणूस बदलावा लागेल, असं हळूच सुनावलं. मी त्यांना बारावी झाल्याचं खोटं सांगितलं होतं. काम गेलं तर गावी, हिवरखेडला परत जायचं, एवढाच रस्ता. आपांचंही तसंच होतं. नवऱ्याच्या माघारी त्यांनी कारखाना चालवला होता. आता साठ डवरे पत्र्याखाली पडून होते. पेरण्या होत आल्या होत्या. डवरणीचे दिवस निघून गेले की ते लोखंडाच्या भावानं द्यायचे आणि शेडला कुलूप लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. भंगारवाल्याला वारही दिला होता, पुढल्या महिन्याचा पहिला शनिवार.

मी घाबरून आणखी भारी शब्द शोधायला लागले. आपांना मराठी वाचता येत नसे, उर्दू येई. त्यामुळे प्रत्येक ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवावी लागे. दोन ओळी ऐकल्या की त्या हात वर करायच्या. "हे कोन बोलते? मले असा एक मानूस दाखव."

मग त्यांनी विचारलं, "तू कुठली वं?" मी अमरावतीच सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. शेतात निंदण करून तण उपटलेले हात लपत नाहीत. म्हणाल्या, "तुह्या मायच्या हातात मोबाईल देला, तर थे काय लिहून शोधन?"

आमच्या घरी त्या साली एकच बैल उरला होता. जोडीतला दुसरा वैशाखातच गेला होता. अमरावतीत आल्यापासून मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत असे. पण त्या प्रश्नानं आई डोळ्यांपुढं आली आणि तोंडातून निघून गेलं, "बैल नाई, डवरणी कशी करू?"

"हेच लिह," आपा म्हणाल्या.

मी म्हटलं, आपा, हे वस्तूचं नाव नाही, हे तर गाऱ्हाणं झालं. त्या हसल्या. "मंग? गाऱ्हानं घेऊनच मानूस दुकानात येते. नाव आपन सांगू ना त्याले."

मी तेच पानाच्या डोक्यावर टाकलं. खाली 'एका माणसानं चालवायचा डवरा', 'सायकल डवरा अकोला' असं साध्या बोलीत लिहिलं. मालकांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. वेबसाइट आहे की चावडी, म्हणाले. पण पैसे आपांचे होते, त्यामुळे पान तसंच राहू दिलं.

दोन आठवडे काहीच नाही. मी रोज ते वाक्य शोधून बघायची. आमचं पान कुठंतरी तळाशी. मग ते वर सरकायला लागलं. एका सकाळी ते सगळ्यात वर दिसलं, आणि मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. त्याच दुपारी आपांचा फोन. "पोरी, कौंडण्यपूरकडून फोन आला. आठ डवरे पायजे म्हने. काय लिहून शोधलं इचारलं, तर म्हने, बैल नाई, डवरणी, एवढंच." त्यांना बोलताना धाप लागत होती. त्यांचं बोलणं संपायच्या आत मागं दुसरा फोन वाजला.

त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला गाव विचारायच्या आधी आपा 'काय लिहून शोधलं' हे विचारायच्या आणि उत्तरं संध्याकाळी मला कळवायच्या. मराठवाड्यातल्या एकानं 'हातकोळपं' लिहिलं होतं. तिकडं डवऱ्याला कोळपं म्हणतात, हे आम्हा दोघींना नवं होतं. लगेच त्या नावाचं दुसरं पान केलं. शनिवारी भंगारवाला टेम्पो घेऊन दारात आला, तर आपांनी त्याच टेम्पोत चौदा डवरे भरले, भाडं ठरवलं आणि त्याला कुरणखेडच्या गिऱ्हाइकाकडे पिटाळलं. डवरणी संपायच्या आत पत्र्याखाली एकही उरला नाही.

माझी खुर्ची राहिली. मालकांनी दुसऱ्या दुकानांचे शब्दही माझ्याकडे दिले. पुढं पुण्याच्या कामाचा अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्याशी माझा हात थांबला, तेव्हा आपांनाच विचारलं. "नववी लिह," त्या म्हणाल्या. "एक खोटं किती वर्स सांभाळशीन?" मी नववी लिहिलं. आता साहेबांनी बोलावलं तरी लपवायचं काही राहिलेलं नाही.

मागच्या दिवाळीत अकोल्याला गेले, तेव्हा साडी घेऊन गेले होते. आपांनी ती माझ्याच पिशवीत परत टाकली. बोलता बोलता कळलं, बऱ्हाणपूरच्या बहिणीकडे त्या सहा वर्षांत राहायला गेलेल्या नाहीत. बहीण बोलावते ती सून माहेरी गेली आणि घरात जागा झाली की, आणि नेमकी तेव्हाच डवरणी असते. गिऱ्हाइकांचे फोन आणि शेड कोणाच्या भरवशावर टाकू, म्हणाल्या.

मला अजून एवढी लांब सुट्टी मिळत नाही. पण आपा, एका हंगामाला मी येणार आहे. तुम्ही बऱ्हाणपूरला जा, पोटभर राहा. ते दिवस शेडमध्ये मी बसेन.