गोल टाकीला भोक पाडायची विद्या

पुण्याचे साहेब आमच्या ड्रॉइंग ऑफिसात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी आधी आमचं मराठी ऐकलं आणि मग आमचं काम पाहिलं. दोन्हींवर एकाच चेहऱ्याने मान हलवली. "गोड बोलता हो तुम्ही ग्वाल्हेरची माणसं," म्हणाले. समोरच्याला अडाणी म्हणायचं असलं की काही लोक त्याला गोड म्हणतात, हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे.

आमची कंपनी दुधाच्या टाक्या बनवायची. ती पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. कारखाना ग्वाल्हेरलाच राहणार हे ठरलं होतं, पण ड्रॉइंग ऑफिस राहणार की पुण्याला जाणार, हे साहेब ठरवणार होते. ऑफिस म्हणजे काय, तर दोन टेबलं. एकावर मी आणि दुसऱ्यावर दादा. दादा माझ्याहून थोडे मोठे, संस्थानच्या फौजेतल्या घराण्यातले. माझं घराणं दरबारी कारकुनांचं, त्यामुळे कागदावरचं काम आपल्यालाच जास्त कळतं असा माझा जन्मजात समज. हरिशंकरपुरमच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले होते आणि नवऱ्याची नोकरी इथलीच. दादांचंही सगळं बिऱ्हाड इथेच. ऑफिस गेलं की आमच्या नोकऱ्या गेल्या, इतका सरळ मामला होता.

साहेबांच्या तोंडी सारखा एकच शब्द असायचा, एकीकरण. दोन कंपन्यांच्या कॅलेंडरांचं एकीकरण, चहाच्या वेळांचं एकीकरण, आणि मग टाक्यांच्या मॉडेलांचं. फूलबागेजवळच्या हॉटेलात राहून हा माणूस सकाळी तोच शब्द इस्त्री करून घेऊन यायचा.

साहेबांबरोबर आलेल्या पुण्याच्या मुलांनी आमच्या जुन्या ड्रॉइंगांवरून कॉम्प्युटरवर नवी मॉडेलं केली. आता आमच्याकडची रीत अशी, की टाकीवर नळीचं भोक कुठे पाडायचं ते घेरावरून मोजायचं, कारण खाली कारखान्यात टाकीच्या पोटावर टेप गुंडाळूनच खूण करतात. आमच्या ड्रॉइंगांवरचे सगळे आकडे घेरावरचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण इथे कोणाला ते विचारावंसंच वाटलं नव्हतं. पुण्याच्या मुलांनी तेच आकडे समोरून, सरळ मोजले. साहजिकच भोकं टाकीच्या कुशीकडे सरकली. त्यात समोरच्या प्लेनवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सपाट पाटीवर, वर्तुळ काढून ते तसंच आत ढकललेलं, म्हणून भोक तिरपं घुसलं आणि अंड्यासारखं लांबट झालं. ढकलताना कुठे थांबायचं हेही त्यांनी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक, तो थांबला नाही.

साहेबांनी ते मॉडेल भिंतीवर मोठं करून दाखवलं. समोरून टाकी देखणी दिसत होती. एकीकरणाने किती वेळ वाचतो यावर त्यांचं बरंच बोलून झालं. मग मी म्हटलं, जरा टाकी फिरवून दाखवा. ती फिरली, तर मागच्या भिंतीलाही तसंच भोक. म्हणजे पुढून दूध भरायचं आणि मागून ते मुरैन्याच्या रस्त्यावर सांडत जायचं. पुण्याची मुलं बुटांकडे बघायला लागली. मला इतकी मजा आली, की घरी जाऊन मी सासऱ्यांना ती हकिकत उशीजवळ बसून पुन्हा पुन्हा सांगितली.

साहेब मात्र कातडीचे जाड. शांतपणे म्हणाले, मग तुम्ही दोघं आमच्या मुलांना शिकवा. मी हो म्हटलं. मला वाटलं, एकदा यांना आमची किंमत कळली, की ऑफिस हलवायची भाषा आपोआप बंद होईल. दादा चहा घेताना हळूच म्हणाले, "ताई, सगळंच सांगून टाकणार का? थोडं रोकून ठेवा."

मी हसले. फौजेतल्या घराण्याचा माणूस आणि इतका भित्रा.

मी शिकवलं ते असं, की अजून कोणी तसं शिकवलं नसेल. नई सडकेवरून दुधी आणला आणि घरची विणायची सुई नेली. सुई दुधीच्या बाजूला समोरून टोचून दाखवली, ती कशी घसरते आणि तिरपी जाते ते. मग दुधीला घासून जाईल असा पुठ्ठा टेकवला आणि त्या पुठ्ठ्यातून सरळ टोचली. म्हटलं, बाळांनो, प्लेन म्हणजे हा पुठ्ठा. आधी तो टाकीला टेकवायचा, मग वर्तुळ, मग भोक, आणि आतल्या पोकळीत पोचलं की थांबायचं. घेरावरचा आकडा कोनात कसा बदलायचा तेही बसवून घेतलं. एकाने विचारलं, इतकं अवघड कशाला करता? मी त्याला दुधी दिला आणि म्हटलं, घरी नेऊन भाजी कर, तेवढं तरी नीट येईल. ती मुलं मला घाबरायची आणि म्हणून नीट शिकली. शेवटी शेवटी माझ्याइतकीच झटपट करायला लागली.

टाकीच्या टोकाला बसणारं फुगीर झाकण, त्याला आम्ही डिश म्हणतो, ते राहिलं होतं. डिश दोन्ही अंगांनी वाकलेली असते, तिथे भोकाची दिशा आधी वेगळी रेघ काढून ठरवावी लागते. आम्ही दोघांनीही शिकवावं असं साहेबांना हवं होतं, म्हणून डिश दादांकडे गेली. दादांनी जे केलं त्याला शिकवणं म्हणवत नाही. माऊस भराभर फिरवायचा, मान खाली, आणि तोंडातल्या तोंडात, "हे असं, मग इथून हे, बस, हो गया." मुलं मान डोलवत होती आणि कोणाला ओ की ठो कळत नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की साहेबांसमोरच मी म्हटलं, दादांना शिकवता येत नाही हो, त्यांचं सोडून द्या. पुढच्या आठवड्यात डिश मीच घेणार होते. पण मुलांना परत बोलावणं आलं आणि ती गेली.

मग साहेबांनी मला आत बोलावलं. मुलं छान तयार झाली म्हणाले, तुमचे उपकार आहेत. आता सगळी मॉडेलं पुण्यातच होतील. डिशची कामं तेवढी तिथे कोणाला येत नाहीत, म्हणून इथे एक टेबल ठेवतोय, दादांचं. मी म्हटलं, डिश मलाही येते, त्यांच्याहून चांगली येते. ते म्हणाले, असेल, पण जागा एकच आहे आणि ती कामं तेच करताहेत. पुण्याला येणार असाल तर बघू. मी येणार नाही हे त्यांना माहीत होतं.

टेबल आवरताना मी दादांच्या मागे जाऊन उभी राहिले. सरळ विचारलं, तुम्ही मुद्दाम तसं शिकवलंत का?

त्यांनी वळून पाहिलं नाही. "मला शिकवता कुठे येतं, ताई," ते म्हणाले. "तुम्हीच तर सगळ्यांसमोर बोलल्या होत्या."

त्यांच्या स्क्रीनवर डिश होती. त्यांनी एक रेघ काढली, तिच्यावर प्लेन टेकवला आणि भोक पाडलं. मग मी न सांगताच ती डिश फिरवून मला मागची बाजू दाखवली. भोक जिथे थांबायला हवं तिथेच थांबलं होतं.