तीन कादंबऱ्यांची एक बाई

प्रेमकादंबऱ्या सगळ्या सारख्याच असतात, असं नाक मुरडून म्हणणारी माणसं मला खूप भेटली. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. कारण मी स्वतः तीन वेगळ्या प्रेमकादंबऱ्या एकच समजून वाचलेल्या आहेत. नुसत्या वाचल्या नाहीत, वीस बायकांना मोठ्यानं वाचून दाखवल्या, आणि त्या विसांतल्या एकीलाही शंका आली नाही. आम्ही काही बावळट नव्हतो. तुरीच्या डाळीतला तुरीच्याच रंगाचा खडा आमच्या नजरेतून सुटत नसे.

ही मुरुमची गोष्ट. मोठा दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती. सोसायटीनं गावाबाहेर डाळमिल काढली होती आणि वडील तिथं वजनकाट्यावर होते. मी दहावीला गणितात आपटले होते, त्यामुळे घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा आत्याबरोबर मिलमध्ये डाळ निवडायला जायचे. गोदामात दोन रांगा करून बायका बसायच्या, पुढ्यात सूप. फुटकी, काळी, न सोललेली वेगळी काढायची. हात चालू, डोळे चालू, कान मात्र रिकामे. त्या रिकाम्या कानांसाठी बायकांनी एक रीत पाडली होती. एकीनं वाचायचं, आणि तिच्या वाटणीची डाळ बाकीच्यांनी थोडी थोडी निवडून द्यायची. पलीकडे मिलची धडधड असायची, म्हणून वाचणारीचा आवाज खणखणीत लागे. माझा होता. गणित नसलं तरी आवाज होता.

गोदामात पाण्याचे माठ दोन होते. आमचा वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे आणि मला त्याचा मनातून संताप यायचा. पण गोष्ट सगळ्यांना एकच ऐकावी लागे, आणि ती आमच्या घरातली पोरगी वाचायची, याचं मला फार बरं वाटे.

पुस्तकं मी बाजारगल्लीतल्या वाचनालयातून आणायची. वाचनालय म्हणजे एक अरुंद दुकान. ते चालवणारे अण्णा पुस्तकांची बांधणीही स्वतःच करत. त्यांची शाळा कानडीत झालेली. मराठी फडाफडा बोलत, पण वाचायची म्हटलं की अक्षराला अक्षर जोडत बसत. बायकांची मागणी ठरलेली होती. प्रेम पाहिजे. नुसतं प्रेम नको, सोबत लढाई, भूत किंवा खून असं काहीतरी पाहिजे. अण्णांना मी तसं सांगितल्यावर त्यांनी वरच्या फळीवरून एक ठोकळा काढला. उशाला घेता येईल इतका जाड.

"हे ने. ह्यात सगळंच हाय," ते म्हणाले.

सगळंच होतं. पहिल्यांदा किल्ला, सरदार आणि देशमुखाची मुलगी. शंभर अडचणी येऊन त्यांचं लग्न लागतं, आणि हळद अंगावर असतानाच सरदार कुणाला न सांगता पहाटे मोहिमेवर निघून जातो. ती दरवाज्यात उभी राहून वाट बघू लागते. पुढचं पान उलटलं तर तलावाकाठचं सरकारी विश्रामगृह! तिथं राहायला आलेला एक इंजिनिअर आणि रोज दिवस मावळताना पायऱ्यांवर दिसणारी पांढऱ्या लुगड्यातली बाई. तिचं नाव वेगळंच. मी अडखळले.

गोदामातली सगळ्यांत वडील लिंगायत मावशी सुपावरून मान वर न करता म्हणाली, "अगं, लग्नात नाव बदललं असंल की. तुझं काय तेच ऱ्हाणार हाय व्हय?"

झालं, प्रश्न मिटला. त्या गोदामातल्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईला दोन नावं होती, एक माहेरचं आणि एक तांदळात बोटानं लिहून दिलेलं. बाईचं नाव मध्येच बदलतं याचं नवल वाटायला आमच्यापैकी कुणी पुरुष नव्हता. सरदाराची वाट बघता बघता ती मेली आणि तिचं भूत झालं, हे तर मग सरळच होतं. पानांच्या कडा अण्णांनी इतक्या छाटल्या होत्या की खालचे आकडे उडालेले. अक्षरांचा छाप बदलला होता, ते मला दिसलं होतं. छापखान्यातले जुने खिळे झिजले असतील, अशी मी समजूत घातली.

भुताच्या भागाला तर गर्दी व्हायची. शेजारच्या पोती शिवणाऱ्या बायकासुद्धा सुया घेऊन येऊन बसत. इंजिनिअरचा त्या बाईवर जीव जडतो, पण ती म्हणते, माझा माणूस यायचा आहे. यावर आमच्यात दोन तट पडले. काहीजणी म्हणत, अशी बाई धन्य. मावशी म्हणे, "इंजिनेर काय वाईट हाय? पगारी माणूस." भुताला पगारी नवरा करावा की नाही, यावर दोन दुपारी भांडण झालं. मी मध्ये बसून सगळ्यांची तोंडं बघायची. पुस्तकापेक्षा मला तेच जास्त आवडायला लागलं होतं. कोणती बाई कुठं हसते, कुठं गप्प होते, कुठं विनाकारण खोकते.

आत्या मात्र भांडत नसे. ती ऐकायची.

आत्याचं सांगायला हवं. दुष्काळात ती आणि तिचा नवरा खडी फोडायला जात. एका सकाळी तो बाजाराला जातो म्हणून गेला आणि परत आला नाही. कुणी म्हणालं सोलापूरला गिरणीत आहे, कुणी म्हणालं मुंबईत पाहिला, कुणी म्हणालं कॉलऱ्यानं गेला. सासरच्यांनी वर्षभर ठेवून घेतलं, मग वडील तिला घेऊन आले. तिला तिशीही लागली नव्हती. आम्ही तो ठोकळा वाचत होतो त्या वर्षी येडशीहून तिला एक स्थळ आलं होतं. रेल्वेत गँगमन, बायको वारलेली, मूलबाळ नाही. वडिलांनी तिला सांगितलं, "हंगाम सरेपर्यंत इचार कर. नको म्हणालीस तर मी पुन्हा बोलणार न्हाय." ते तसे शब्दाचे पक्के होते. म्हणजे ही एकच संधी होती, आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. आत्या हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. तिचा नवरा जिवंत आहे की मेला, याचंच कोडं तिला सुटत नसणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

तिसऱ्या भागात शहर आलं. टेलिफोन, मोटार, काळा चष्मा घातलेला गुप्तहेर. बाईचं नाव पुन्हा नवं. आता कुणी विचारलंसुद्धा नाही, पुढचा जन्म आहे हे उघडच होतं. या जन्मी तिचा नवरा कुठंतरी नाहीसा झालेला असतो, आणि सात वर्षांनी एक माणूस दारात येऊन म्हणतो, मीच तो. चेहरा तसाच, आवाज तसाच, पण बाईला खात्री वाटत नाही. आत्याचे हात त्या दिवसांत मंदावले. तिच्या सुपात खडे राहू लागले आणि शेजारीण ते गुपचूप काढू लागली.

शेवटी गुप्तहेर सिद्ध करतो की तो माणूस तोतया आहे. खरा नवरा कुठं गेला, ते शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. पुस्तक संपलं.

गोदामात एकच गलका झाला. असं कसं संपलं? पुढचा भाग असणारच, तो आण! आत्या सूप झाडत एवढंच म्हणाली, "आला न्हाय. तिन्ही खेपा आला न्हाय."

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं आईला विचारलं की येडशीला कार्ड टाकलं तर कधी पोचतं. आईनं चुलीपुढूनच वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी लगेच कार्ड काढलं नाही. हंगामाचे चार दिवस बाकी होते, तेवढे होऊ दे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन पुढचा भाग मागितला. अण्णा हसायला लागले.

"पुढचा कुठला? ती तीन पुस्तकं हायेत. एका मापाची हुती, एका पुठ्ठ्यात घातली. पातळ पुस्तक कुणी नेत न्हाय बघ. जाड असलं की लोकांस्नी वाटतं, लई मिळालं."

मी तिथंच खाली बसले. तीन बाया! एकमेकींना कधी न भेटलेल्या. मग मी अण्णांना विचारलं, पहिली गोष्ट तिथंच संपते का? सरदार गेला आणि संपलं? त्यांना काय ठाऊक? पण त्यांनी एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. बांधताना सुटलेली, फाटकी पानं त्यात असत, ठिगळं लावायला. तो डबा मी दुपारभर उपसला. पाकक्रिया, पंचांग, कुणाच्या तरी भूगोलाची पानं, आणि तळाशी जुन्या ठसठशीत छापातली दोन पानं. त्यांत किल्ला होता, दरवाजा होता आणि सरदार होता. बारा वर्षांनी परत आलेला.

मला आधी आनंद झाला. शोध लागला म्हणून. मग घरी येताना वाटेतच थांबले. आत्या तीन जन्मांचा हिशोब करून उठली होती, आणि तो हिशोब अण्णांच्या खळीनं चिकटवलेला होता. पानं दाखवली तर ती म्हणेल, येतात म्हणजे, अजून थांबते. वडील पुन्हा विचारणार नाहीत. नाही दाखवली तर ती एका चुकीच्या बांधणीवर लग्न करणार. सोळाव्या वर्षी हे ओझं मला झेपणारं नव्हतं. दोन दिवस ती पानं परकराच्या नेफ्यात खोचून मी हिंडले. मी भित्री होते. आत्याला एकटीला गाठून सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी भर गोदामात जाहीर केलं की ती तीन पुस्तकं होती आणि पहिल्याचा शेवट सापडला आहे.

तीन पुस्तकं असल्याचं बायकांनी काही मनावर घेतलं नाही. शेवट वाच म्हणाल्या.

मी वाचला. सरदार येतो. ती दरवाज्यातच असते, केस पांढरे झालेले. ती काही विचारत नाही. तोच म्हणतो, तुला सांगून निघालो असतो तर तू मला जाऊ दिलं नसतंस. ती त्याच्या पायावर डोकं ठेवते. नगारे वाजतात. संपलं.

मावशीनं पदर डोळ्याला लावला. दोन-तीनजणी मुसमुसत होत्या. मी आत्याकडे बघितलं. तिच्या हातातलं सूप खाली टेकलं होतं.

"कसं जाऊ दिलं नसतं?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मिलच्या धडधडीतही आम्हाला नीट ऐकू आला. "म्या कसं जाऊ दिलं नसतं? घरात दाणा नव्हता, मला दिसत न्हवतं? भाकरी बांधून दिली असती. येशीपातुर गेले असते. बाजाराला जातो म्हणून कशाला सांगायचं? पिशवी घेऊन गेला. म्या मिरच्या आणायला सांगितल्या त्येला."

पाच वर्षं आम्ही एका घरात राहत होतो. तो जिवंत आहे की मेला, येईल की नाही, यावर आमच्या घरात किती बोलणी झाली असतील. तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि दुनियेभरच्या त्या उमद्या, काळजी वाहणाऱ्या सरदारांची भयंकर चीड आली.

"आत्या, मग येडशीचं?" मी विचारलं. विचारायची ती जागा नव्हती, पण मला राहवलं नाही.

"माणूस बघून सांगते," ती म्हणाली आणि सूप उचललं.

वडिलांनी कार्ड टाकलं. पुढच्या रविवारी ते गृहस्थ आले, सोबत त्यांची बहीण. उन्हानं रापलेले, थोडे ठेंगणे, हात मांडीवर नीट ठेवून बसलेले. कुठल्याही कादंबरीत त्यांना जागा मिळाली नसती. चहा झाला. बहिणीनं घरदार, पगार, क्वार्टर सगळं सांगून झाल्यावर वडील म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. अशा वेळी बायका मान खाली घालत. आत्यानं घातली नाही.

"तुमाला कुटं जायचं झालं, लांब, कायमचं जरी असलं," ती म्हणाली, "तर सांगून जाल का?"

त्यांच्या बहिणीचा बशी धरलेला हात थांबला. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला, जणू मीच बोलले होते. ते गृहस्थ मात्र रागावले नाहीत की हसले नाहीत. एखादा रूळ तपासावा तसा त्यांनी तो प्रश्न नीट पाहिला.

"तुमी इचारलं म्हणून सांगतो," ते म्हणाले. "माझी बायको गेली तवा म्या लाइनवर हुतो. ती बी न सांगताच गेली. म्या सांगून जाईन."

आत्या आत आली. चुलीजवळ उभी राहिली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली. ती रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तिनं चेहरा पुसला आणि मला म्हणाली, "जा, दादाला सांग, व्हय म्हणावं."